निवळलेल्या पाण्याचे दिवस

मैत्रिणींनो, घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपले कसे जातात, हे मी वेगळं सांगायला नको. घर झाडा, गोधड्या-चादरी धुवा, डबे घासा, फराळाचं बघा. त्यात ऑक्टोबरचं ऊन! दिवाळी आटोपली की ‘दमले बाई’ म्हणून आपण टेकतो, आणि शरद ऋतू तोवर दारावरून अर्धा निघून गेलेला असतो. आश्विन आणि कार्तिक, दोनच तर महिने त्याचे.

त्याला भेटायला थंड हवेच्या ठिकाणी जायला नको बरं का! नांदेडजवळचं विष्णुपुरीच घ्या. इथं गोदावरी अडवली आहे. पावसाळ्यात काठावर उभं राहिलं, तर दिसतं ते गढूळ, शेतांची माती पोटात घेऊन धावणारं पाणी. परतीचा पाऊस सरला, की वरून येणारा लोंढा मंदावतो. पाणी थांबतं आणि मातीचे कण हळूहळू तळाशी बसू लागतात. गढूळ पाण्याची घागर आपण न हलवता ठेवतो ना, अगदी तसंच! मग काळेश्वराच्या मंदिराजवळून पाहावं, तर त्याच पाण्यात निळं आकाश उतरलेलं असतं.

आपल्या जुन्या लोकांनी हे बारकाईनं पाहिलं होतं. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं आणि अगस्त्याच्या उदयानं शुद्ध झालेलं शरदातलं पाणी, त्याला चरकसंहितेत ‘हंसोदक’ म्हटलं आहे. (आज मात्र नदीचं पाणी तसंच पिऊ नका हं!) हा अगस्त्याचा तारा तुम्ही पाहिला आहे का? ऑक्टोबरच्या मध्याला पहाटे पाचच्या सुमारास दूध तापवण्याआधी गच्चीवर जा. दक्षिणेकडे तोंड केलंत, की वर सर्वांत तेजस्वी दिसतो तो व्याध. त्याच्या खाली, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर दुसरा ठळक तारा दिसेल. तोच अगस्त्य.

कोजागरीचंही तसंच. दूध आटवायचं, त्यात चंद्र पाहायचा म्हणतो. पण चंद्र उगवताना आपण असतो स्वयंपाकघरात! पौर्णिमेला सूर्य पश्चिमेला मावळतो, त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र वर येतो. या वर्षी दूध थोडं आधी आटवून ठेवा आणि सगळ्यांना घेऊन संध्याकाळीच गच्चीवर जा. मुलांना दोन्हीकडे पाहू द्या. नदीकाठी गेलात, तर शेपटी सारखी खाली-वर हलवणारा धोबी पक्षी त्यांना शोधायला सांगा. थंडीसाठी तो उत्तरेकडून आपल्याकडे येतो. मात्र मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. जलाशय भरला की दरवाजे उघडतात आणि खालचं पात्र बघता बघता वाढतं.

“हे सगळं छान आहे हो, पण वेळ कुठं आहे?” असं तुम्ही म्हणाल. रोजची दहा मिनिटं पुरतात. त्या दहा मिनिटांत हाती निवडायची भाजी नको की मोबाइल नको. काय पाहिलं ते हिशेबाच्या वहीतच एका ओळीत लिहा: आज पारिजातकाचा सडा कमी पडला, आज पहाटे गारवा जाणवला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती ओळ वाचताना गंमत वाटेल.

आणि यात नुसती हौस नाही. विष्णुपुरीच्या जलाशयातलं पाणी नांदेडकरांच्या नळाला येतं. आज डोळ्यांसमोर साठलेलं दिसतं, तेच उन्हाळ्यात पुरवायचं असतं. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस मराठवाड्यातली कोणती गृहिणी विसरेल? जिनं आश्विनात भरलेली नदी डोळे भरून पाहिली आहे, तिच्या हातून वैशाखात तांब्याभर पाणीही उगाच सांडत नाही.

तेव्हा या वर्षी माळ्यावरचा एखादा डबा घासायचा राहिला, तर राहू द्या. तो पुढच्या आठवड्यातही तिथंच असेल. शरद मात्र थांबणार नाही.