मास्तरले आंधी काहून नाही सांगितला?

पहाटेचे साडेपाच वाजले असतील. देसाईगंजजवळच्या एका गावात नाटकाचा पडदा नुकताच पडला होता. माणसं चादरी झटकत उठत होती, लेकरं आयांच्या खांद्यावर झोपली होती, आणि वाटेवरच वाद पेटला होता. नाटकातली नायिका गावच्या मास्तरला सोडून शहरातून आलेल्या तरुणाबरोबर निघून गेली होती. तिच्या शिक्षणाचा खर्च मास्तरनं केलेला. लग्न ठरल्यासारखंच होतं, पण ‘ठरलं’ असं कुणी कधी बोललं नव्हतं. ती निघाली तेव्हा सनई वाजली, म्हणजे लेखकाचा कौल उघड होता. लोकांना तो मान्य नव्हता.

“मास्तरले आंधी काहून नाही सांगितला तिनं?” माझ्या पुढं चालणारी म्हातारी म्हणाली.

“मास्तरनं तरी तिले कधी विचारला?” सुनेनं तिथल्या तिथं उत्तर दिलं.

धानाच्या बांध्यांतून घरी पोचेपर्यंत हा खटला चालू राहिला.

झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलाच्या आणि धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आलं, दिवाळी सरली, की इथं नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. दिवसा मंडई म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढं सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत रंगतो. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा, हे या धंद्याचं केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथंच, आणि तारखा घ्यायला गावोगावची माणसं तिथंच येतात. याच रंगभूमीवर ५,००० हून अधिक प्रयोगांतून ८०० वेगवेगळ्या भूमिका केलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या नाटकांत प्रेमाचा त्रिकोण वरचेवर येतो. पण पात्रांचा न्याय इतक्या तळमळीनं का होतो, हे कळायला नाटकाच्या दुसऱ्या दिवशी गावात थांबावं लागतं. नाटकाच्या निमित्तानं घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि याच गर्दीत सोयरिकी जुळतात. रात्री ज्या पोरीनं रंगमंचावरच्या मुलीची बाजू घेतली, तिच्याच लग्नाची बोलणी सकाळी ओसरीवर चाललेली असतात.

माझ्या मामाच्या घरी त्या सकाळी हेच झालं. मामी चुलीपाशी बसून चहा गाळत होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मामेबहीण कप मांडत होती. ओसरीवर एका स्थळाचा विषय निघाला होता. मामी मास्तरची बाजू घेत म्हणाली, “एवढा केला त्यानं तिच्यासाठी.” पोरीनं मान वर न करता विचारलं, “केला म्हणून ती त्याची झाली का, आई?” मामीचा हात थांबला. दोघींना कळलं, की बोलणं आता नाटकावर राहिलेलं नाही. तोंडावर जे विचारता येत नाही, ते पात्राच्या आडून विचारता येतं. म्हणून मी या वादांना रिकामटेकड्या गप्पा मानत नाही.

पुढं वडशाहून चांदाफोर्टकडं येणाऱ्या गाडीत मामेबहिणीनं मला मोबाइलवर एक जपानी ॲनिमे दाखवली, ‘मॅक्रॉस फ्रंटियर’. २००८ सालची, २५ भागांची. नायक अल्टो हा काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या घराण्याचा मुलगा, स्त्रीभूमिकांसाठी तयार केलेला. एकीकडं शेरिल ही नामांकित गायिका, दुसरीकडं नुकतीच गाऊ लागलेली रांका. शेरिलला जीवघेणा आजार आहे हे कळल्यावर अल्टो तिच्याजवळ राहतो. ते प्रेम की कणव, हे मालिका नेमकं सांगत नाही. शेवटच्या भागापर्यंत तो कुणा एकीला निवडत नाही. पुढं २०११ च्या चित्रपटात तो शेरिलला मनातलं सांगतो, पण मालिकेतला पेच त्यानं सुटत नाही.

वडशाजवळच्या त्या नाटकात निकाल लागला होता आणि लोकांनी तो फेटाळला. इथं निकालच नाही. मग पाहणारे काय करतात? जिच्यावर आपला जीव जडला, तिच्याच बाजूचे पुरावे गोळा करतात. मामेबहीण रांकाची होती. अल्टो शेरिलपाशी थांबला, हे तिला दिसूनही दिसत नव्हतं.

निवाडा करूच नये, असं मी म्हणणार नाही. करावा, पण त्या म्हातारीनं आणि तिच्या सुनेनं मिळून केला तसा. म्हातारीचा प्रश्न होता, गप्प राहण्याची किंमत कुणी भरली? सुनेचा प्रश्न होता, जिच्याकडून उत्तर हवं, तिला प्रश्न तरी विचारला गेला का? दोन्ही प्रश्न एकदम धरले, की मास्तरचं चांगुलपण खरं राहतं आणि मुलीचा हक्कही. यात मी तिसऱ्या प्रश्नाची भर घालेन. निर्णयाच्या घडीला त्या पात्राला काय ठाऊक होतं? शेवट आपण पाहिलेला असतो, त्या पात्रानं पाहिलेला नसतो.

हे तिन्ही प्रश्न अल्टोला लावून पाहा. कुणावर प्रेम आहे हे ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. आजारी शेरिलजवळ थांबणं हाही नाही. पण दोघी वाट पाहताहेत हे समजल्यावर ‘मला अजून कळत नाही’ एवढं तरी बोलायला हवं होतं. त्याच्या मौनाचा भार दोघींनी वाहिला, आणि माझ्या लेखी त्याचा दोष तेवढाच. कुणाला निवडायला हवं होतं, हे मी सांगणार नाही. कथेनं जे उघडं ठेवलं, ते आपल्या आवडीनं बंद करणं हा न्याय नव्हे.

सिंदेवाही मागं पडलं तेव्हा मामेबहीण बराच वेळ खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या पाहत होती. मग म्हणाली, “दादा, त्या स्थळाबद्दल मले अजून कोनंच विचारला नाही.”

मी मोबाइल खाली ठेवला आणि तिला विचारलं.