राष्ट्राचा सावकार : एका अद्‌भुत कादंबरीचा परिचय

घरावर सावकाराचें कर्ज असलें म्हणजे शेत कोणतें विकावें, मुलास किती शिकवावें, मुंज केव्हां उरकावी, हे प्रश्न अखेर सावकाराच्या ओसरीवर सुटतात. कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर पगडी असते, पण निर्णय त्याचा नसतो. हा अनुभव आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनीं पुरेपूर घेतला आहे. एखाद्या बलाढ्य राष्ट्राचीच अशी अवस्था झाली तर काय होईल, या प्रश्नावर रचलेल्या ‘इंटरफेस’ नामक इंग्रजी कादंबरीचा परिचय वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

ही कादंबरी १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. कर्त्याचें नांव स्टीफन बरी असें छापलें होतें. परंतु तें टोपण नांव होय. खरे लेखक दोघे : नील स्टीफनसन व त्यांचे वडीलधारे आप्त, इतिहासाचे अध्यापक जॉर्ज ज्यूसबरी.

कथानक असें. राष्ट्रीय कर्जाच्या फेडीविषयीं अमेरिकेचा अध्यक्ष वेगळीच भाषा बोलूं लागतो. त्या कर्जांत ज्यांचें द्रव्य गुंतलें आहे अशा धनाढ्यांचें एक गुप्त मंडळ त्यामुळें बिथरतें. त्याच वेळीं इलिनॉयचे लोकप्रिय गव्हर्नर कोझॅनो यांस पक्षाघाताचा झटका येतो. मंडळाच्या पैशानें त्यांच्या मेंदूंत एक सूक्ष्म यंत्र बसविलें जातें, आणि बरे झालेले कोझॅनो अध्यक्षपदासाठीं उभे राहतात. निवडक शंभर लोकांच्या मनगटांवर घड्याळासारखीं यंत्रें बांधलेलीं असतात. भाषण ऐकतांना त्यांच्या भावनांत होणारे फेरफार तत्क्षणीं कळतात, आणि त्या मानानें उमेदवाराची वाणी वळविली जाते! मंडळाच्या हिशेबांत न बसणारी एकच व्यक्ति आहे : नोकरी, घर व पति गमावलेली, स्पष्टवक्ती कृष्णवर्णीय स्त्री एलिनॉर रिचमंड. तिचें पुढें काय होतें, तें सांगून वाचकांचा रसभंग करीत नाहीं.

यांतलें कांहीं आतां कल्पित राहिलेलें नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें न्यूरालिंक कंपनीनें एका मनुष्याच्या मेंदूंत यंत्र बसविलें. अमेरिकेचें राष्ट्रीय कर्ज १९९४ सालीं सुमारें ४.७ लाख कोटि डॉलर होतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें तें ३६ लाख कोटींच्या पुढें गेलें.

गुप्त मंडळाची कल्पना मात्र मला पटत नाहीं. त्या कर्जाचे धनको मूठभर नाहींत. अमेरिकन लोकांचे निवृत्तिवेतन-निधि, बँका, परकीय सरकारें व खुद्द सरकारी निधि हेच त्यांतले मोठे आहेत. शिवाय राष्ट्राच्या गळ्यांत कर्ज अडकविण्यास गुप्त कट लागतोच असें नाहीं. १८५८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य संपलें, तेव्हां पार्लमेंटानें उघड कायदा करून कंपनीचें कर्ज व तिच्या भागधारकांचा लाभांश हे दोन्ही भार हिंदुस्थानच्या महसुलावर टाकले. ज्या रयतेनें ते फेडले, तिला कोणी विचारलेंही नव्हतें.

देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें जन्मतःच आपणांवर असतात असें आपलें शास्त्र सांगतें. पण तीं कोणाचीं व कशाबद्दल, हेंही तें सांगतें. राष्ट्राचें ऋणही आपल्या मुलांच्या माथीं जन्मतःच येतें. तें कोणी, कशासाठीं व कोणत्या अटींवर काढलें, हें विचारण्याची संवय घरांतील तरुणांस लागली पाहिजे. ती या पुस्तकानें लागेल असें वाटतें. कांहीं प्रसंग रक्तपाताचे आहेत, म्हणून लहानांच्या हातीं तें देऊं नये. थोरांनीं मात्र तरुणांबरोबर अवश्य वाचावें.