बेल तीच, सूर वेगळा!

माझी न्यू जर्सीची मावशी जुन्या सिरियल्सच्या बाबतीत एकदम कट्टर. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही तर तिची ऑल टाइम फेवरिट. १९७८ ते १९८२ सीबीएसवर लागायची. मावशी तेव्हा लग्न करून नुकतीच अमेरिकेत गेली होती. तिथे तिला पहिल्यांदा खळखळून हसवलं ते या रेडिओ स्टेशनवरच्या गँगने.

मी तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने २००७ची डीव्हीडी काढली. जेनिफरच्या घराची बेल वाजली आणि मावशी म्हणाली, "ही नव्हे गं! 'फ्लाय मी टू द मून' वाजायचं." काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "वय झालं तुझं." मावशी गप्पच झाली.

मी शोधाशोध केली. मावशी शंभर टक्के बरोबर! डीव्हीडीतली धून 'ब्युटिफुल ड्रीमर'ची. स्टीफन फॉस्टरचं हे गाणं १८६४ साली छापलं गेलं, कॉपीराइट कधीच संपलेला. म्हणजे फुकट!

गोची अशी, की सिरियलमधले डीजे खरीखुरी रॉक गाणी लावायचे. त्यांचे हक्क टीव्हीपुरते घेतलेले. लोक पुढे अख्खा सीझन विकत घेऊन घरी बघतील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. डीव्हीडी म्हटलं की प्रत्येक गाण्याचे नव्याने पैसे. मग काय, गाणं काढा, कुठलंही बिननावाचं म्युझिक टाका. पण टर्कीवाल्या प्रसिद्ध एपिसोडमध्ये पिंक फ्लॉइडचं 'डॉग्ज' वाजतं आणि बॉस विचारतो, कुत्री भुंकतायत का? आता गाणंच नाही तर जोक कसला! तो सीनच उडवला.

'फ्रेंड्स'ची गंमत उलटी. अमेरिकेतल्या डीव्हीडीत जादा सीन्स होते. २०१२च्या ब्लू-रेवर मात्र टीव्हीवर दाखवलेले, छोटे एपिसोड आले. म्हणजे डीव्हीडीवर पारायणं केलेल्यांना तिथे पाठ असलेले जोक्स सापडेनात. यातलं ओरिजिनल कुठलं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

कापाकापीमागचं पैशाचं गणित मला कळतं. पण मग कव्हरवर ठळक अक्षरात लिहा ना, इथे इथे कात्री लागलीय म्हणून! बघणाऱ्याने स्वतःच्या आठवणीवर का शंका घ्यायची?

२०१४ साली शाउट फॅक्टरीने 'डब्ल्यूकेआरपी'चा पूर्ण संच काढला. सगळी नाही, पण बहुतेक गाणी परत आली. मावशीच्या वाढदिवसाला मी तोच पाठवला. काका अजून सॉरी म्हणालेले नाहीत.