वळिवडे : दोन राष्ट्रांना जोडणारे गाव

एका रात्रीत घर गमावणे म्हणजे काय, हे लातूर-नांदेडकडील भाविकांना वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण आपल्या मनात आजही ताजी आहे. आपल्याच महाराष्ट्रातील एका खेड्याने परदेशातून आलेल्या हजारो बेघरांना आसरा दिला होता. ते गाव म्हणजे कोल्हापूरजवळचे वळिवडे.

१९३९ साली जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंड देश वाटून घेतला. त्यानंतर १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सायबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. भूक व थंडीने अनेकांचा बळी घेतला. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर यांपैकी अनेकांची सुटका झाली आणि काही निर्वासित इराणमार्गे भारतात आले.

१९४३ मध्ये तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभारण्यात आली. सुमारे ५,००० जण तेथे राहत असत. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. बहुतेक निर्वासित कॅथलिक होते. छावणीत चर्च, शाळा, दवाखाना व नाट्यगृहही होते. भाषा वेगळी, धर्म वेगळा, अन्नही वेगळे. तरीही परिसरातील लोकांशी त्यांचा स्नेह जुळला.

महायुद्ध संपले, परंतु पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेल्याने अनेकांना परतण्यासाठी गावच उरले नाही. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होऊ लागली. कोणी पोलंडला, कोणी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वा कॅनडास गेले. पुढे त्याच जागी फाळणीत विस्थापित झालेल्या सिंधी बांधवांची वसाहत झाली. तेच आजचे गांधीनगर. एकाच भूमीने दोनदा निराधारांना जवळ केले!

या उपकाराचा पोलंडला विसर पडलेला नाही. राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभे आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. २०१९ मध्ये छावणीत बालपण घालविलेले काही वृद्ध पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले.

राष्ट्राराष्ट्रांतील सलोखा केवळ करारांनी होत नाही. परक्यासाठी उघडलेल्या दारातून तो सुरू होतो. छावणीत मरण पावलेल्या पोलिश बंधुभगिनींच्या कबरी कोल्हापुरात आहेत. तेथे जाणे झाल्यास आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. तसेच ऊसतोडीसाठी वा मजुरीसाठी घरदार सोडून आपल्या गावी आलेल्या कुटुंबांची आस्थेने विचारपूस करू या.