ताटातली वीट

वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरात जे ताट मांडतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ मिसरातल्या गुलामीची आणि सुटकेची आठवण करून देतो. बिनखमिराची भाकरी म्हणजे मात्सा, कडू पाला, कोकराचं हाड आणि हारोसेत. हारोसेत ही फळं आणि सुकामेवा वाटून केलेली चटणी. मिसरचा राजा फारो याच्या बांधकामावर पूर्वजांनी जो गारा मळला, त्याच्यासारखी ती दिसते.

एप्रिल १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि उत्तरेच्या फौजेतली ओहायोची २३वी पलटण पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांत फेयेट इथे मुक्कामाला होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हेज आणि मॅकिन्ली दोघेही याच पलटणीतले. तिच्यातल्या वीसेक ज्यू शिपायांनी सणासाठी सुट्टी मागितली आणि अधिकाऱ्यानं ती खुशीनं दिली. पलटणीला सामान विकणारा दुकानदारही ज्यू होता. तो सिनसिनाटीला घरी निघाला होता, त्याला मात्सा पाठवायला सांगितलं. ऐन सणाच्या सकाळी रसदीच्या गाड्यांतून मात्साची सात पिंपं आली. उघडून बघतात तर आत प्रार्थनेची पुस्तकं आणि सणाच्या पोथ्या, म्हणजे हग्गादाच्या दोन प्रतीही!

मग काही जण ओंडक्यांचं खोपट उभारायला लागले, काही आसपासच्या मुलखात सामान शोधायला गेले. एक कोकरू, कोंबड्या, अंडी आणि वाइनऐवजी सफरचंदाच्या सायडरची दोन पिंपं मिळाली. कोकराचा कुठला भाग ताटात ठेवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ते अख्खंच शिजवलं. नेहमीचा पाला नव्हता, तेव्हा एक रानटी कडू झुडूप उपटून आणलं. हारोसेतचं साहित्य मात्र काही केल्या जमेना. त्यांनी सरळ एक वीट आणून ताटात ठेवली.

तो पाला इतका जहाल निघाला की घसे जळाले आणि सणाच्या रीतीची चार प्याल्यांची मर्यादा विसरून सगळं सायडर संपलं. एक जण स्वतःला गुलामीतून सोडवणारा मोशे म्हणवू लागला, दुसरा त्याचा भाऊ अहरोन, तिसरा थेट फारो. झटापट झाली, तिघांना उचलून छावणीत नेऊन झोपवावं लागलं. जे. ए. जोएल या शिपायानं हे सारं १८६६ मध्ये एका ज्यू नियतकालिकात लिहिलं, म्हणून आज आपल्याला कळतं. त्या रात्रीच्या सोबत्यांपैकी काही जण तोवर लढाईत पडले होते.

असा सण धर्मगुरूवाचून साजरा होऊ शकतो. ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेलाही दहा पुरुष पुरतात. वाचता येणारा कुणीही ती चालवू शकतो, धर्मगुरू असलाच पाहिजे असं नाही. पण इस्पितळात अखेरच्या घटका मोजणाऱ्या शिपायाजवळ बसायला, परमुलखात त्याला रीतसर मूठमाती द्यायला कुणी तरी आपलं माणूस हवंच. नेमकी तिथेच कायद्याची आडकाठी होती. १८६१ च्या कायद्याप्रमाणे पलटणीचा धर्मगुरू ख्रिस्ती पंथाचाच असावा लागे.

पेनसिल्व्हेनियाच्या ‘कॅमेरॉन्स ड्रॅगून्स’ या घोडदळात ज्यू बरेच होते. त्यांनी मायकल ॲलन या हिब्रूच्या शिक्षकाला निवडलं. छावणीत आलेल्या एका ख्रिस्ती कार्यकर्त्यानं तक्रार केली आणि ॲलनना राजीनामा द्यावा लागला. पलटण गप्प बसली नाही. तिनं न्यूयॉर्कच्या अर्नोल्ड फिशेल यांना निवडलं. ते सिनेगॉगमध्ये प्रवचनं देत, त्यामुळे ॲलन यांच्याप्रमाणे केवळ शिक्षक असल्याचा आक्षेप घेता येत नव्हता. आडवा आला तो निव्वळ धर्म. नकार दिला युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांनी, ज्यांचं नाव पलटणीनं अभिमानानं लावलं होतं! डिसेंबर १८६१ मध्ये फिशेल राष्ट्राध्यक्ष लिंकनना जाऊन भेटले. लिंकननी शब्द दिला आणि जुलै १८६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा बदलला. आता कुठल्याही धर्मपंथाचा माणूस चालणार होता.

१८ सप्टेंबर १८६२ रोजी फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल अमेरिकी सैन्याचे पहिले ज्यू धर्मगुरू झाले, तेही सैनिकी इस्पितळासाठी. याचं श्रेय लिंकनना दिलं जातं आणि ते रास्तच आहे. पण पहिला मान मी त्या घोडदळाला देईन. एक माणूस नाकारला गेल्यावर त्यांनी दुसरा निवडला, म्हणूनच सरकारला खरं कारण सांगणं भाग पडलं.