चौसष्ट अक्षरांची ओळख

सोलापुरातल्या एखाद्या गुन्ह्यात संगणक जप्त झाला, की तपासनिसापुढे लाखो फाइली येतात. बहुतेक विंडोजच्या, ऑफिसच्या, ब्राउझरच्या; इतर कोणाच्याही संगणकावर असतात तशाच. एकेक उघडत बसले तर तपास वर्षानुवर्षे संपणार नाही. म्हणून ओळखीच्या फाइली हॅशवरून वेगळ्या काढतात. या कामाचे व्हावे तेवढे कौतुक होत नाही.

हॅश म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बिटावर ठरावीक गणित करून काढलेला आकडा. शा-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो, फाइल एका ओळीची असो वा चार जीबीची. फाइलीचे नाव बदलले तरी हॅश तोच. आतला एक स्वल्पविराम बदलला, की सगळा पालटतो. त्यामुळे नाव बदलून लपवलेली फाइलही सापडते.

ओळखीच्या हॅशची मोठी यादी अमेरिकेची 'निस्ट' ही मानक संस्था ठेवते. तिच्या नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररीत सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जपतात, त्यांतल्या फाइलींचे हॅश काढतात आणि यादी सर्वांना फुकट देतात. यादीत हॅकिंगची साधनेही आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हॅश फाइल कोणती ते सांगतो. ती सज्जन की दुर्जन, हे नाही. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लिनक्समधल्या 'एक्सझेड' पॅकेजात चोरवाट सापडली. ती प्रकल्पाच्या अधिकृत पॅकेजातूनच आली होती. तिथे हॅश जुळवून काहीच कळले नसते.

पद्धतीही म्हाताऱ्या होतात. एमडी५मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश २००४ साली काढून दाखवला गेला, शा-१मध्ये २०१७ साली. शा-२५६ अजून भक्कम आहे.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागा आहे. एमडी५ आणि शा-१ हे पर्याय तिथे अजून छापलेले आहेत; माझ्या मते ते आता काढावेत.

दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण पोलिसांना द्यायची वेळ आली, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे तो दाबून लहान होतो आणि हॅश बदलतो. मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या, आणि तिचा शा-२५६ हॅश त्याच वेळी लिहून ठेवा.