रक्त वेगळे करायचे ते कुठे?

नळीत काढलेले रक्त स्वस्थ पडून राहत नाही. तांबड्या पेशी प्लाझ्मातली साखर खात राहतात. नेहमीच्या तापमानाला ती दर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटते. बर्फात ठेवावे, तर पोटॅशियम पेशीच्या आत राखणारी यंत्रणाच मंदावते, ते बाहेर झिरपते आणि निरोगी माणसाचाही अहवाल घाबरवणारा येतो. फ्लोराइडची नळी साखरेपुरतीच कामाची, आणि पहिले तास-दोन तास तीही पुरी पडत नाही. म्हणून भिवापूर तालुक्यातल्या खेड्यातून सॅम्पल उमरेडला किंवा नागपूरला जाते, तेव्हा गाडीच्या वेगापेक्षा पेशी आणि प्लाझ्मा कधी वेगळे झाले हे महत्त्वाचे असते. हे काम रक्त काढल्या जागीच व्हायला हवे, आणि त्यासाठीचे एक साधन पवईच्या आयआयटी मुंबईत घडले आहे.

सिद्धार्थ त्रिपाठी, अमित अग्रवाल, सुहास जोशी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मिलिमीटरच्या अंशाएवढ्या वाहिन्यांची ही चिप. तिच्यात गाळणी नाही, फिरणारा भाग नाही, आणि रक्त पातळ करावे लागत नाही. अरुंद वाहिनीत पेशी मध्याकडे सरकतात, भिंतीलगत प्लाझ्माचा पातळ थर उरतो. फाटा आला की पेशी जोराच्या प्रवाहाबरोबर जातात आणि संथ फाट्यात प्लाझ्मा उतरतो. रक्ताचा हा स्वभाव शरीरातल्या केशवाहिन्यांतही दिसतो. संशोधकांनी तो वळणांच्या आणि रुंदीतल्या बदलांच्या साहाय्याने कामाला लावला. ही बुद्धिमत्ता मला फार मोलाची वाटते.

सेंट्रिफ्यूज असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. ग्रामीण रुग्णालयात तो असेल तर तोच वापरावा; तिथे एका वेळी अनेक नळ्या फिरतात आणि प्लाझ्माही भरपूर मिळतो. उपकेंद्रात मात्र वीज आणि तंत्रज्ञ यांची खात्री नसते. चिपलाही रक्त ढकलणारा पंप लागतो, पण तो बॅटरीवर चालू शकतो. मिळणारा प्लाझ्मा थोडा असतो, तरी पट्टीवरच्या एखाद-दुसऱ्या चाचणीला थेंब पुरतो.

खरा आक्षेप याहून खोल आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने देशभर 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. निदानानंतर या रुग्णांना मूत्रपिंड, यकृत यांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. पण चिपची सारी करामत पेशींच्या लवचिकपणावर उभी आहे आणि सिकलसेलमध्ये पेशी ताठर होतात. ताठर पेशी भिंतीपासून कमी सरकतात, त्यामुळे प्लाझ्माचा थर बारीक होईल. उलट रक्तक्षयामुळे पेशींची संख्या कमी असते, त्याने थर रुंदावेल. यातले कोण वरचढ ठरते, हे कागदावर सुटणारे नाही. पुढची चाचणी याच भागातल्या सिकलसेल रुग्णांच्या रक्तावर, त्यांच्या संमतीने व्हावी आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो जाहीर व्हावा. तोवर ही चिप खेड्यासाठी तयार आहे असे म्हणणे घाईचे ठरेल.